सरळ स्वराची राखण

३ मार्च
माझी पत्नी आलेइदा हिला वारून अद्याप वर्ष झालेले नाही, आणि गुड फ्रायडेच्या मैफलीत तिने आजन्म गायिलेले विलापगीत तिच्या शिष्येला, योरिंडेला, देण्यात आले आहे. वाद्यवृंदाचा प्रमुख टीमेन याने मला हे भर बाजारात, हेरिंग मासा खाता खाता सांगितले. मी संतापलो नाही. केवळ छत्री मोडली.

५ मार्च
योरिंडे माझी संमती घेण्यास आली. कॉफी दिली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाहुण्याला एकच बिस्किट देऊन डबा बंद केला. तिची नजर मात्र डब्यावरच. तिला बजावले की चारशे वर्षांपूर्वीचे संगीत सरळ स्वरातच गायचे असते; माझ्या पत्नीचा स्वर उभ्या आयुष्यात थरथरला नाही. तर म्हणाली, अहो साहेब, बाईच सांगायच्या, कंप म्हणजे मीठ, चिमूटभर हवंच. माझी पत्नी काय म्हणे, हे आता ही मला शिकवणार! संमती नाकारली. ती म्हणाली, बरं, मग तालमीला या आणि ऐकून नाकारा.

९ मार्च
कन्या हिल्केचा फोन. म्हणे, बाबा, आईच्या रेकॉर्डी कपाटात कोंडून ठेवल्यात, त्या आधी ऐका, मग जगाशी भांडा. ऐकण्याची आवश्यकता नाही. तिचा प्रत्येक स्वर मला मुखोद्गत आहे. शिवाय प्लेअर बिघडलेला आहे.

१२ मार्च
संकल्प: तालमीस जाईन. शांतपणे बसेन. पहिला कंप कानी पडताच तितक्याच शांतपणे उठून निघेन.

१५ मार्च, दुपारी
बसण्याची वेळच आली नाही. चर्चच्या दाराबाहेरच ऐकू आले: विलापाच्या अखेरच्या ओळीवर स्वर हेलकावत होता. दार ढकलून ओरडलो की हे शेळीचे बेंबें ताबडतोब बंद करा, आलेइदा असती तर शरमेने मेली असती!

योरिंडे बाकावर बसली होती. तोंड मिटून. लाउडस्पीकर गातच होता.

टीमेन म्हणाला, वेसेल, अरे ओरडतोस काय, ही आलेइदाच आहे. तिची शेवटची मैफल. तू पहिल्या रांगेत बसून रडत होतास की रे.

रडत नव्हतो. त्या चर्चमध्ये वारा फार लागतो.

१८ मार्च
लाउडस्पीकर सदोष असल्याचे टीमेनला सविस्तर लिहून कळविले. त्याने उत्तरादाखल पहिल्या रांगेचे तिकीट पाठविले. उद्धटपणा!

२० मार्च
प्लेअर दाखविण्यासाठी योरिंडेस बोलाविले. ती वाकली, आणि म्हणाली, साहेब, प्लगच काढून ठेवलाय की. कोणी, ते तिने विचारले नाही.

रेकॉर्ड लावली. अखेरच्या ओळीवर स्वर थरथरला. स्पष्टपणे, जाणूनबुजून. निषेध नोंदविण्यासाठी उठलो. पुन्हा बसलो.

बिस्किटांचा डबा उघडाच राहिला. योरिंडेने तिसरे उचलले.