गच्चीवरची दुसरी टाकी

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे पाचुका शहरात. सामान थोडं, वारा फार. इथला वारा इतका आगाऊ, की ट्रकमधून गादी उतरवताना ती एलीसेओला घेऊनच उडणार होती. मला हसू आवरेना, तर नवरोजी म्हणतात, हसू नकोस, पोटातलीही हसेल आणि वेळेआधी बाहेर येईल! मुलगीच आहे हे त्याने परस्पर ठरवलंय. नावही ठरलंय, एलोदिया. माझ्या आजीचं.

तर ही वही तुझ्यासाठी, एलोदिया. मोठी झालीस की वाच आणि आईची टिंगल कर.

आमची खोली वर, गच्चीला लागून. खाली घरमालकीण डोन्या कुका, विधवा, एकट्या. जानेवारीतल्या सणाच्या पावात लपवलेली बाहुली त्यांच्या तुकड्यात निघाली होती, म्हणून आज गल्लीला मक्याचे वाफवलेले तामाल खाऊ घालायची पाळी त्यांची. मला चार दिले. म्हणाल्या, दोन तुझे, दोन पोटातलीचे, नवऱ्याला हवे असतील तर त्याने खाली येऊन भांडी घासावीत. मला बाई आवडली.

११ फेब्रुवारी

गच्चीवर दोन टाक्या आहेत. काळीत पाणी असतं. दुसरी राखाडी, तिला नळच नाही. डोन्या कुका म्हणाल्या, बिघडलीय, पडून आहे. पण ती छान कोमट असते आणि आत सारखी बारीक घूं घूं चालते. उन्हाने तापत असेल, आत मधमाश्या असतील, कोण जाणे. आम्ही हुआस्तेकाच्या गरम मुलखातली माणसं, इथली थंडी माझ्या हाडात शिरते. एलीसेओ बस डेपोवर गेला की मी तिला टेकून शिवणकाम घेऊन बसते.

आज तू पहिल्यांदा हललीस! पोट टाकीला लावलं, पुन्हा हललीस. त्या घूं घूंच्या ठेक्यावर! गाण्याचं अंग पणजीवर गेलंय तुझं.

१४ मार्च

काल चंद्रग्रहण झालं. ग्रहण लागलं की पोटातल्या बाळाचा ओठ चंद्र कुरतडतो, म्हणून डोन्या कुकांनी दुपारीच माझ्या पोटावर लाल दोऱ्यात दोन सेफ्टी पिना आडव्या-उभ्या लावल्या. एलीसेओ म्हणाला, पोरगी चिलखत घालूनच जन्मणार. मग गुपचूप स्वतःच पिना नीट लागल्यात का ते चाचपून पाहिलं.

डोन्या कुका मला टाकीपाशी बसू देत नाहीत अलीकडे. वारा लागेल म्हणतात. अहो, तिथेच तर वारा लागत नाही! त्या खाली गेल्या की मी पुन्हा जाऊन बसते.

२० जुलै

तू आलीस! ओठ अख्खा, बोटं सगळी, केस माझ्यासारखे हट्टी. दवाखान्यात दूध ओढेनास, नर्सही घाबरली. खोलीत आणल्याबरोबर घटाघटा प्यायलीस. घराची ओढ आतापासूनच.

१६ ऑगस्ट

तू माझ्याकडे बघत नाहीस.

तुझं तोंड धुते, गाते, नाक घासते तुझ्या गालावर. तुझी मान वळते ती भिंतीच्या त्या एका कोपऱ्याकडे. पाळणा फिरवून ठेवला, तरी तिकडेच. दवाखान्यात कान तपासले, डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, पहिलटकरणी फार विचार करतात. एलीसेओ म्हणतो, भिंतीवर तुझ्यापेक्षा देखणं कोणी दिसत असेल. हसले मी. नंतर मोरीत जाऊन रडले.

त्या कोपऱ्याच्या पलीकडे राखाडी टाकी आहे.

५ सप्टेंबर

दुपारी एक माणूस आला. टाकीला किल्ली लावली आणि ती कपाटासारखी उघडली. आत पाणी नाही, मधमाश्या नाहीत. तारा, पेट्या, उभ्या पांढऱ्या पट्ट्या. मोबाईलचा टॉवर आहे तो, टाकीचं सोंग घेतलेला. दुरुस्तीसाठी त्याने तो बंद केला.

घूं घूं थांबली. आणि तू माझ्या हातात चिंधीसारखी सैल पडलीस. ओठ निळे. मी किंचाळले. त्याने बटण दाबलं आणि तू श्वास घेतलास.

६ सप्टेंबर

डोन्या कुका माझ्या पायाशी बसून रडल्या. पेन्शन नाही, कंपनी भाडं देते, टॉवर आहे हे कळलं तर गल्ली तो पेटवून देईल म्हणून त्याला टाकीचं सोंग दिलं. मी विचारलं, चंद्रापासून वाचवायला पिना लावल्यात, मग एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? म्हणाल्या, टेकू नकोस असं सांगत तर होते गं पोरी.

डॉक्टर पुन्हा म्हणाले, अशा लहरींनी पोटातल्या बाळाला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. चांगला माणूस आहे, खरंच सांगत असेल. पण मी तुला पाच महिने त्या टाकीला लावून बसत होते. तुला आई कोण ते शिकायचं होतं, आणि तू ते शिकलीस. फक्त ती मी नव्हते.

कोपऱ्यावर सारण भरलेले भाजके पास्ते विकणाऱ्या तोमासाला सगळं सांगितलं. ती भट्टी सोडून उठली. ऑक्टोबरातली जत्रा संपली की १२ तारखेच्या रविवारी गल्लीतल्या सगळ्या मिळून ती टाकी कापून काढणार. मीच म्हटलं, काढा. मुळासकट काढा. तोवर तुला तिच्यापासून सोडवेन.

४ ऑक्टोबर

तुला घेऊन गावी आले, आईकडे. वाटेत ती घूं घूं एकदम तुटली नाही, हळूहळू मागे पडत गेली, आणि तुझा श्वास चालू राहिला. इथे मोबाईलला रेंजच नाही. वाटलं, इथे तुला मीच ऐकू येईन.

७ ऑक्टोबर

दूध घेत नाहीस. रडतही नाहीस. मान एकसारखी दक्षिणेकडे, पाचुकाकडे. घशातून बारीक आवाज काढतेस, घूं— घूं—, हाक मारल्यासारखी. पलीकडून ओ येत नाही.

१० ऑक्टोबर

आईने पितरांच्या सणाच्या कमानीसाठी झेंडू आणला होता. तुला बघितलं आणि सगळा झेंडू परड्यात नेऊन झाकून ठेवला.

परत निघाले. तू त्या टाकीचीच हो, एलोदिया. मला नाही ओळखलंस तरी चालेल. जग फक्त—

१२ ऑक्टोबर

पोचलो. तू प्यायलीस. डोळे लागले.

पण आज रविवार—

जिन्यात पावलं. तोमासा, सगळी गल्ली. एलीसेओ हात जोडून सांगतोय, नका, आता नका. डोन्या कुका टाकीपुढे आडव्या पडल्यात. कोणी ऐकत नाही. तोमासा ओरडतेय, तुझ्याच लेकरासाठी करतोय गं!

दार लावून तुझ्याशेजारी बसलेय. हात थांबला तर मी किंचाळेन, म्हणून लिहितेय.

करवत लागली.

मी घूं घूं करतेय, माझ्या घशातून, अगदी तशीच. ऐक. ही बघ, मीच ती. मीच—

थांबली.

बाहेर टाळ्या. घूं घूं आता फक्त माझ्या घशात.

तू मान वळवलीस. माझ्याकडे. पहिल्यांदाच— माझ्या डोळ्यांत बघतेयस, राणी, हो, मी आई, इथेच आहे, श्वास घे, आता श्वास