ट्रॅक्टरची खांदेमळणी

२७ ऑगस्ट १९७३

सून पुष्पावती लिहितीय, मी सांगतीय. मला अक्षर येत न्हाई. तिला मधी बोलू न देणं तेवढं येतं.

उद्या पोळा, अन् गोठ्यात बैल न्हाई. गेल्या दुष्काळात दोन्ही गेले. त्यांच्या जागी लाल ट्रॅक्टर उभा. पोळ्याच्या आदल्या सांजंला बैलांचे खांदे हळद-तेलानं मळायचे — ते आमच्या मालकांनी ट्रॅक्टरचेच मळले!

"अहो, त्याला खांदा कुठला?"

"ज्याच्यावर भार पडतो तो खांदा," म्हणले. अन् ब्रेकची दोन्ही पायडलं चोळली. मायेनं! लग्न झाल्यापासून माझे पाय एकदा चोळले न्हाईत.

२८ ऑगस्ट

पुरणपोळ्या ताटात तशाच राहिल्या.

सहादेव, माझा ल्योक, ट्रॅक्टर मिरवायला वेशीकडं निघाला. ओढ्याच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पाय तेलावरनं सटकला. रेसचा दांडा हातानं चढवून ठेवलेला — यंत्र पळतंय! त्यानं दांडा उतरवला, तवर ट्रॅक्टर बाभळीवर. पाय मोडला. जीव वाचला.

मालक चिंधीनं पायडलं पुसत बसलेत.  

३ सप्टेंबर

एकाचं प्लास्टर, एकाचा मुका उपास. दोघांच्या मधी मी. दमले.

रानाला कुळवाची पाळी न्हाई, अन् पाळी न्हाई तर ज्वारीचा पेरा न्हाई. मातीतली वल कुणासाठी थांबती? ट्रॅक्टर धड हाय, पर हाकणारा गावात दुसरा न्हाई.

पुष्पी म्हणली, "आत्याबाई, मी शिकते."

मालकांनी किती दिसांनी तोंड उघडलं! "घरात सून हाय का ड्रायव्हर?"

परत बंद.

६ सप्टेंबर

सहादेव बाजेवरनं शिकवतोय. दोन चपला म्हणजे दोन ब्रेक, माझं लाटणं म्हणजे रेस.

"रानात वळताना आधी रेस उतरव. मग वळायच्या बाजूचा एकच ब्रेक. सडकंला दोन्ही कडीनं जोडायचे — इसरलीस तर पालथी हुशील."

पुष्पी चपला दाबतीय. नातवंडं तोंडानं फट्-फट् करत्यात. मालक भिंतीकडं तोंड करून. पर कान इकडं!

लाटणं मोकळं न्हाई. आज भाकरीच.

७ सप्टेंबर

पाठ भरून आलीय. आज काही सांगायचं न्हाई.

९ सप्टेंबर

आज अक्षर निराळं. मालक लिहितायत. तिसरी शिकलेले — हळू सांगावं लागतंय.

पुष्पी रानात हाय. सकाळी पायडलं कोरड्या फडक्यानं पुसून किल्ली ह्यांनीच तिच्या हातात दिली.

एवढं लिहिलं अन् लेखणी थांबली — हे पुढचं सांजंला पुष्पीनं लिहिलं.

"अहो, पुढं लिवा की!"

न्हाई. मान वर करून ऐकत बसले. बांधापाशी ट्रॅक्टरचा आवाज बारीक झाला. मग परत मोठा.

"वळली," म्हणले.