उघडी कपाटं

नुंगंबाक्कम, मद्रास
फेब्रुवारी १९६१

अंबुजाअक्कास साष्टांग नमस्कार.

व्यंकट भाऊजींना निलंबित केल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. माझं पत्रक वाचूनच त्यांनी आपल्या ग्रंथालयातल्या कपाटांची कुलपं काढली, असं तू लिहिलंस. खरं आहे ते. ग्रंथपाल संघाचा अध्यक्ष झाल्यावर मी काढलेलं पहिलंच पत्रक ते: वाचकांना थेट कपाटापाशी जाऊ द्या. वर्षभर गावोगावी हेच बोललो. माझ्याकडे कपाटं उघडी आहेत आणि एकही पुस्तक गेलेलं नाही, असं सांगायचो. टाळ्या पडायच्या.

अक्का, पुस्तक जाणार कसं? मी कुलपं काढलीच नव्हती. पुस्तक हरवलं की ग्रंथपालाला धरतात, म्हणून घाबरलो. भाऊजींकडची छत्तीस पुस्तकं गेली.

आता त्यांच्या चौकशीचे साहेब सोमवारी माझं ग्रंथालय बघायला येताहेत. "राणोजीकडे जाऊन बघा, कसं छान चालतंय," असं भाऊजींनीच त्यांना सांगितलंय.

म्हणून आज सकाळी सगळी कपाटं उघडली. "या, आत या, हवं ते काढून घ्या," म्हणत वाचकांना बोलावलं. कोणी जागचं हललं नाही. पुस्तकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पुढे धरून सगळे रोजच्यासारखे माझ्या टेबलापुढे रांगेत उभे राहिले.

सोमवारीही तसेच उभे राहतील.

हे पत्र पेटीत टाकायचा धीर नसलेला,
तुझा धाकटा भाऊ
राणोजी