मिस ओलिताची दुनळी कोणी नेली

३० ऑगस्ट, मंगळवार

वादळ गेलं, छप्पर राहिलं! घर खांबांवर आहे म्हणून वाचलो. पाणी वरच्या पायरीला टेकलं आणि तिथंच थांबलं. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू. वीज नाही, फोन बंद. खेकड्यांचे पिंजरे आता पार समुद्रात असतील. बायको, व्हर्ना, ओल्या गाद्या कठड्यावर टाकतेय. प्रत्येक गादीला एक शिवी देते आणि मागोमाग क्रूसाची खूण करते.

दुपारी होडी घेऊन बायूच्या, म्हणजे आमच्या या संथ खाडीच्या, पलीकडच्या काठावर मिस ओलिताकडे गेलो. ऐंशी ओलांडलेली विधवा बाई, एकटी; इथं मान म्हणून सगळे तिला मिसच म्हणतात. निम्मं गाव बसमधून निघून गेलं, ही हलली नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर नवऱ्याची दुनळी बंदूक. आणि पायरीवर मेलेली मगर!

"घरात यायचं म्हणत होती," म्हणाली. "मी नको म्हटलं."

१ सप्टेंबर, गुरुवार

काल अंधार पडल्यावर एक अनोळखी बोट दिवा न लावता बायूमधून फिरत होती. आमच्या शेजाऱ्याच्या, थिबोच्या, बोटीचं इंजिन काढून नेलं. मी बाबांची बंदूक घेऊन ओट्यावर उभा राहिलो. रोखली नाही, नुसता उभा राहिलो. बोट आमच्या धक्क्याशी मंदावली, मग पुढे गेली. पोलिसांना बोलवायचं तर कसं? आणि बोलावले तरी येणार कधी?

माणसावर बंदूक उचलायची वेळ माझ्यावर आणू नको, देवाकडे एवढंच मागितलं. अजून तरी आणलेली नाही.

४ सप्टेंबर, रविवार

रविवार असून चर्चची मिस्सा नाही. चर्चमध्ये गुडघाभर चिखल. व्हर्ना आणि मी ओट्यावरच जपमाळ घेऊन बसलो होतो. तेवढ्यात शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, खात्याची बोट आली. पुढे गणवेशात डस्टिन! माझ्या बहिणीचा मुलगा. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात धरलं होतं. मी त्याचा धर्मबाप, म्हणून अजून मला पारेन म्हणतो. मागे काळा चष्मा लावलेला एक परका शिपाई.

"पारेन, बंदुका गोळा करायचा हुकूम आहे. सगळ्यांच्या."

"कोणाचा हुकूम?"

"वरून आलाय."

"वर तर देव असतो. त्याच्याकडून आला का?"

हसला नाही. शहराकडे कोणीतरी सुटकेच्या हेलिकॉप्टरवर गोळी झाडली, असं ऐकलंय म्हणे. खात्यातली माणसं घाबरलीत म्हणे. घाबरलेल्या माणसाचं मला कळतं. पण गोळी झाडणारा मी नव्हे! विकत घेतलेली, कायद्याची वस्तू. बाबांची, आता माझी. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण चष्मेवाल्याचा हात त्याच्या बंदुकीवर होता आणि डस्टिनचे डोळे म्हणत होते, पारेन, नको. दिली.

मग तोच म्हणाला, "मिस ओलिताकडे तू चल. माझं ऐकायची नाही ती."

गेलो. भाच्याला तिथे एकटं कसं पाठवणार?

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं ढुंगण मी धुतलंय, पोरा. जा, आईला पाठव." मग माझ्याकडे वळली. "क्लोविस, तू सांगतोस का द्यायला?"

मी म्हटलं, "द्या, मिस ओलिता. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

तिनं दुनळी माझ्या हातात ठेवली. डस्टिनच्या नाही, माझ्या. मी ती बोटीत ठेवली.

६ सप्टेंबर

झोप लागत नाही. लाकूड करकरलं तरी उठून बसतो.

९ सप्टेंबर, शुक्रवार

मिस ओलितानं खिडक्यांवर फळ्या ठोकून घेतल्यात. या उकाड्यात! आत बसते, उशाशी ऊस तोडायचा कोयता. मालक निघून गेलेली कुत्री आता टोळीनं फिरतात, त्यांनी तिच्या सगळ्या कोंबड्या संपवल्या. तांदूळ आणि बीन्स नेऊन दिले.

"क्लोविस," म्हणाली, "तुझे चार दिवस फार लांबलचक असतात रे!"

१४ सप्टेंबर, बुधवार

शेरीफचं कार्यालय आता ट्रेलरमध्ये आहे. जाऊन विचारलं, बंदुका परत कधी?

"कसल्या बंदुका? आम्ही कोणाची बंदूक घेतलेली नाही."

तोंडावर! डोळ्याची पापणीही न हलवता! मागे थिबो उभा होता. म्हणाला, "मग माझी बंदूक पोहत गेली असेल." त्याला बाहेर काढलं. मागोमाग मलाही.

येताना होडीत सारखा तोच विचार. ऊन असेल, फोन चालत असेल, हाकेवर पोलीस असतील, तेव्हा बंदूक तुमची. आणि पाणी दारात आलं, चोर दारात आला, हाक मारायला कोणी उरलं नाही, की ती तुमची नाही! छत्री फक्त उन्हाळ्यात बाळगा म्हणण्यासारखं झालं. हुकूम काढणारे वाईट असतील असं मी म्हणत नाही. पण ते मिस ओलिताच्या ओट्यावर एक रात्र तरी बसले होते का?

१८ सप्टेंबर, रविवार

मिस्सा चर्चबाहेर, उघड्यावर झाली. नंतर राज्याच्या राजधानीतून, बॅटन रूजहून, आलेल्या वकीलबाई बोलल्या. तरुण आहे, बुटांना आमच्यापेक्षा जास्त चिखल. दावा लावायचाय — घेतलेल्या बंदुका परत मिळाव्यात आणि पुन्हा संकट आलं तर असा हुकूम कोणाला काढताच येऊ नये. पण खातं म्हणतं, घेतल्याच नाहीत. तेव्हा कोणीतरी शपथेवर सांगायला हवं — कोणी घेतली. नाव घेऊन.

बहुतेकांकडे परकी माणसं आली होती, नावं कोणाला माहीत? माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. मग माझ्याकडे. डस्टिन माझा कोण, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही.

१९ सप्टेंबर

बहीण येऊन गेली. इव्हेट कधी रडत नाही, आजही रडली नाही. "नाव घेतलंस की त्याची नोकरी गेली. वादळात माझं घर गेलं, आता तू हे ने." कॉफी तशीच टाकून उठली.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीनं विचारलं होतं, याला सांभाळाल ना? मी हो म्हटलं होतं. आता बायबलवर हात ठेवून खरं सांगेन म्हणायचं. एकाच देवापुढे दोन शब्द कसे द्यायचे?

२५ सप्टेंबर, रविवार

मिस ओलिताचा हात मोडला.

भरदुपारी दोघे जण फळी उचकटून आत शिरले. जनरेटर नेला, नवऱ्याचं घड्याळ नेलं. तिनं कोयता उचलला तर हसले! ढकलून दिलं. संध्याकाळपर्यंत जमिनीवर पडून होती. मी तांदूळ घेऊन गेलो तेव्हा दार उघडंच.

होडीत घालून आणताना एवढंच म्हणाली, "दुनळी पाहून ते पायरीवरूनच वळले असते. मी झाडलीसुद्धा नसती, क्लोविस."

मला ठाऊक आहे. माझ्याकडे आलेली ती बिनदिव्याची बोटसुद्धा नुसती बंदूक पाहूनच पुढे गेली होती.

२६ सप्टेंबर

वकीलबाईंना सांगितलं — साक्षीला येतो.

४ ऑक्टोबर, मंगळवार

डस्टिन आला. साध्या कपड्यांत, एकटा. धक्क्यावर बसून पाय पाण्यात सोडले, लहानपणी सोडायचा तसे.

"मिस ओलिताचं कळलं," म्हणाला.

"हं."

"खोटं बोल असं मी तुला सांगणार नाही, पारेन."

"मग काय सांगायला आलास?"

"काही नाही." मग म्हणाला, "कॉफी आहे का?"

व्हर्नानं दिली. त्याला आवडते तशी, दुधाची. मला नुसतं डोळ्यांनी विचारलं — घेणार आहेस का नाव? मी पाण्याकडे पाहत राहिलो.

१० ऑक्टोबर, सोमवार

उद्या कोर्ट. व्हर्नानं सदऱ्याला इस्त्री केली, मग पुन्हा केली. फादरकडे जाऊन आलो. त्यांनी सल्ला दिला नाही, माझ्याबरोबर गुडघे टेकले. तरी दिवसभर धक्क्यावर नुसता येरझारा घालतोय. डस्टिनचं नाव हळूच उच्चारून पाहिलं. नाव ओळखीचंच, पण ओठांवर जड झालंय.

११ ऑक्टोबर, मंगळवार

वकीलबाईंनी विचारलं, मिस ओलिताची दुनळी तिच्या हातातून कोणी घेतली. मी म्हटलं, मी. कोर्टात गलका झाला. मग कोणाच्या बोटीत ठेवली तेही सांगितलं — नाव घेऊन. बाकावर येऊन डोळे मिटून बसलो. कोणीतरी शेजारी आलं. गणवेशाची बाही माझ्या हाताला लागली.

"सरक जरा, पारेन," डस्टिन म्हणाला. "यानंतर साक्षीला मी आहे."