दिवाण आणि बक्षी यांच्या व्यवस्थेबाबत

मी, देवश्री माधव टिपणीस, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार धार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहून ठेवते. हृदय अर्धेच चालते असे डॉक्टर म्हणतात. डोके पूर्ण चालते असे मी म्हणते. वकील चि. अंशुल म्हणाला, "काकू, हिंदीतच करू ना, माझी मराठी कमजोर आहे." त्याला वाचून दाखवीन. घरच्यांशी मेल्यावर तरी परक्या भाषेत कशाला बोलू?

१. शिवणयंत्र व फ्रीज घरकाम करणाऱ्या गुड्डीला द्यावे. बँकेतील ठेवीतून माझे क्रियाकर्म उरकावे, उरेल ते कलम तीनमधील दोघांच्या खाण्या-औषधाला लावावे.

२. भाचा चि. अजेय याला त्याच्या मामांची स्कूटर. बोका मात्र नाही. "मामी, एक मी नेतो, दुसरा कुणाला तरी देऊन टाकू," असे तो फोनवर म्हणाला होता. दोन भावांतला एक ज्याला पुरतो, त्याला स्कूटरही पुरेल.

३. दिवाण व बक्षी हे एकाच वेताचे दोन बोके. दरबारची नोकरी जाऊन पिढ्या लोटल्या तरी टिपणीसांची हुद्द्यांची हौस जात नाही, म्हणून यजमानांनी ही नावे ठेवली. रस्त्यावर कुत्री फार, त्यामुळे दोघांनी उंबरा कधी ओलांडला नाही. एका ताटलीत जेवत, एकमेकांना चाटून साफ करीत. यजमानांच्या आजारपणात बक्षी त्यांच्या पायाशीच असे; ते गेल्यावरही त्या गादीवरून उठेना. सुतक फिटायच्या दिवशी देवासहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, अक्का, यांनी घर धुतले, गोमूत्र शिंपडले, गादी देऊन टाकली, आणि "ह्यालाही सुतक आहेच की" म्हणत बक्षीला साबण लावून न्हाऊ घातले.

न्हालेला बक्षी स्वयंपाकघरात आला. दिवाणाने हुंगले आणि भावाची मानच धरली. मांजर वासावरून ओळख ठेवते, असे जनावरांचे डॉक्टर राजवर्धन यांनी नंतर सांगितले. दिवाणाच्या लेखी घरात परका बोका शिरला होता. माझा राग वेगळा आहे आणि तो येथे स्पष्ट लिहिते. बक्षीच्या अंगाला यांचा वास होता. घरात तेवढाच उरला होता, तोही मोरीतून वाहून गेला.

४. तेव्हापासून घराचे दोन भाग आहेत, मध्ये जाळीचे दार. पुढे जो सांभाळील त्याने भांडणात हात घालू नये, माझे मनगट साक्षीला आहे. दोघांच्या मध्ये सूप उभे धरावे. ओरडू नये, मारू नये, आणि "आपसांत निपटतील" म्हणून सोडून तर मुळीच देऊ नये. मातीचे टोपले, पाणी, उंच बसायची जागा, सगळे दोन-दोन. एकाचे फडके दुसऱ्याच्या अंथरुणावर टाकत जावे. जाळीच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी जेवण ठेवावे आणि ताटल्या हळूहळू जवळ आणाव्यात. आता दोघे जाळीला नाक लावून जेवतात. दार उघडले की मात्र दिवाण कान पाडतो आणि मी पुन्हा लावून घेते. सकाळ मी दिवाणाकडे काढते, संध्याकाळ बक्षीकडे. दोघांच्या वाट्याला मी अर्धी अर्धी येते. मला पूर्ण असे कोणीच नाही, आणि दिवे लावायच्या वेळी ते फार लागते.

५. राहते घर, जो दोघांनाही याच घरात सांभाळील त्याचे. येथे नावाची जागा मी कोरी ठेवली होती. अंशुल म्हणाला, "काकू, ये जागा खाली नहीं चलेगी. कोणी तर असेल." शेजारच्या राजाबाईंना मांजराने धाप लागते. गुड्डीच्या एका खोलीत तिचीच माणसे मावत नाहीत. बाकीचे सणाला फोन करतात. मग बक्षीला या घरात आजवर हात कोणी लावला ते आठवून पाहिले. हे, मी, आणि अक्का. त्या दिवशी हात रक्ताळले तरी त्यांनी त्याला सोडले नव्हते. अंगावरचा सगळा फेस उतरवून, आपल्या पदराने कोरडा करूनच खाली ठेवला होता.

सबब हे घर व दोन्ही बोके श्रीमती सीता गणपतराव सुभेदार ऊर्फ अक्का, राहणार देवास, यांना देते. "अरे काकू, वो तो आपसे भी बड़ी हैं," अंशुल म्हणाला. टिपणीसांच्या लेकी नव्वदी गाठतात, त्याची काळजी त्याने करू नये.

६. हा कागद माझ्यामागे उघडावा असा रिवाज आहे. तो मोडून एक प्रत आजच देवासला पाठवीत आहे. अक्का, दिवाणाला तुमची ओळख पटायला वेळ लागेल, आणि ती पटवून द्यायला मी असलेली बरी. त्या दिवसापासून तुमचा फोन मी घेतलेला नाही. आता केलात तर घेईन. संध्याकाळी करा.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून खाली सही करते.

देवश्री माधव टिपणीस

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. डॉ. राजवर्धन पवार, पशुवैद्य, धार
२. राजाबाई खंडोजी शिंदे, शेजारी, धार

स्थळ: धार
दिनांक: ९ डिसेंबर २०२४