मागच्या खोलीतला सूड

४ फेब्रुवारी, रविवार
साडू आणि मेहुणी जेवायला आले होते. मागच्या खोलीत नवे स्पीकर ऐकवले. साडूने अर्धं गाणंही होऊ दिलं नाही. म्हणे, स्पीकर चांगले आहेत, खोली वाईट आहे. पिंपात डोकं घालून ऐकल्यासारखं वाटतं. सगळ्यांदेखत. मुक्कामाला आलेल्या सासूबाई हसल्या. बायकोही हसली आणि मग खोकली. मी शांतपणे त्याला आणखी भात वाढला. पण ठरलं. याची जिरवायची. खोली उत्तम झाली हे त्याच्याच तोंडून कबूल करून घ्यायचं.

५ फेब्रुवारी
ऑफिसच्या वेळेत व्हिडिओ पाहिले. विषय सोपा आहे. आवाज भिंतींवर आपटून परत येतो, बास, म्हणजे खर्जातला आवाज, कोपऱ्यांत साचतो. भिंतींना फोम, कोपऱ्यांत काहीतरी जाड. घरी टाळी वाजवून पाहिली. घुमली. म्हणून साडू बरोबर ठरत नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार
आरशाचा प्रयोग. मी खुर्चीत, बायकोने आरसा भिंतीवरून सरकवत न्यायचा. जिथे स्पीकर दिसेल तिथे फोम. मला सारखं स्वतःचं टक्कल दिसत होतं. तिने विचारलं, अजून किती वेळ. म्हटलं, संशोधन आहे हे. ती आरसा ठेवून निघून गेली. शेवटी फोम सगळीकडेच चिकटवला.

११ फेब्रुवारी
पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या. बायको म्हणाली, पाहुणे कुठे झोपतील? म्हटलं, आपल्याकडे येतात कोण, तर नको ती माणसं. मेहुणी तिची सख्खी बहीण आहे हे जरा उशिरा आठवलं.

१५ फेब्रुवारी
दार लावून टाळी वाजवली. जागच्या जागी मेली. म्हणजे खोली साउंडप्रूफ! इथे काहीही बोललं तरी बाहेर जाणार नाही. लग्नानंतर प्रथमच या घरात मनातलं बोलायला जागा मिळाली. लगेच साडूबद्दल बोललो. फार हलकं वाटलं.

१९ फेब्रुवारी
रोज ऑफिसातून आलो की सराव. साडू हरला की त्याला काय सुनवायचं ते पाठ होतंय. सासूबाईंवरही थोडं घातलं आहे.
सासूबाई जेवताना बोलल्या नाहीत. वय झालं. बायकोने भाजी वाढताना डाव आपटला. काय झालं विचारलं, तर म्हणाली, तुझं तुला ठाऊक. मला काहीही ठाऊक नाही. वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बायकोकडची माणसं अशीच असतात, मनाला लावून घेऊ नका. माणूस मनकवडा आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
साडू संध्याकाळी येतोय. दार लावून रंगीत तालीम केली. आवाज चढा लावला. सासऱ्यांच्या ओळखीने मिळालेली त्याची नोकरी, मेहुणीपुढे होणारं त्याचं मांजर, काही सोडलं नाही. साडू, आज तुझी खैर नाही.

त्याच दिवशी, नंतर
दार उघडलं. हॉलमध्ये साडू, मेहुणी, सासूबाई आणि बायको सोफ्यावर ओळीने. लवकर आले होते. चहा पिऊन झाला होता.
साडू उठून आत गेला, फोम बोटाने दाबून पाहिला. म्हणाला, याने आतला घुमारा जातो. आवाज बाहेर जायचा थांबत नाही, त्याला भिंतच जाड लागते. नोकरी परीक्षा देऊन मिळाली, हेही सांगितलं. बाकी खोली उत्तम झाली म्हणाला. बाहेर शब्दन् शब्द कळत होता.

२६ फेब्रुवारी
बायको आणि सासूबाई मेहुणीकडे गेल्या आहेत. गाणं लावलं. खरोखर सुरेख ऐकू आलं. ऐकवायला कुणी नाही. फार वाईट वाटलं.
फोन करून माफी मागितली. बायको म्हणाली, फोनवर नको, इथे येऊन सगळ्यांसमोर माग. रविवारी जायचंय. साडूचा निरोप आहे, त्याच्या हॉलमध्ये आवाज जरा घुमतो, तेव्हा सावकाश बोल.