कॉपीमुक्त दीपप्रज्वलन

बीड, दि. १६ फेब्रुवारी

श्री. शिवशंकर यांस,

चिरंजीव म्हणावे, तर तुमचे केस माझ्याआधी पिकले. राजमान्य राजश्री म्हणावे, तर तुम्ही माझ्या पत्नीचे धाकटे बंधू. तेव्हा या दोहोंच्या मध्ये जे काही उचित असेल ते येथे लिहिले आहे असे समजून अर्जुनरावांचा नमस्कार स्वीकारावा. तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल व घरची मंडळी खुशाल असतील. इकडे वनमालाचा उजवा गुडघा थंडीपुरता रुसला होता, तो आता बोलू लागला आहे (म्हणजे जिना चढताना आवाज करतो). तुम्ही यंदा हुरड्याला आला नाहीत, याची नोंद घेतली आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. मनाचे मात्र तसे सांगता येत नाही. गेल्या तीन आठवड्यांत त्याला जे धक्के बसले आहेत, तसे चौतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना एकाही विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेने दिले नव्हते.

तुम्ही बोर्ड पाठवलात, पण तो कशासाठी हवा होता ते तुम्हाला अर्धेच ठाऊक आहे. लिंबागणेशच्या शाळेत नवी प्रयोगशाळा झाली असून तिचे उद्घाटन विज्ञानदिनी, म्हणजे अठ्ठावीस तारखेला, माझ्या हस्ते व्हायचे आहे. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव निमंत्रण घेऊन आले तेव्हा त्यांनीच कल्पना मांडली, की समईऐवजी मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावरचा, म्हणजे काडेपेटीहून लहान अशा त्या संगणकावरचा, दिवा प्रोग्राम लिहून लावावा. साहित्य पुरवणाऱ्यांचा माणूस सगळे तयार करून ठेवील, सरांनी फक्त बटण दाबायचे, असेही ते म्हणाले. हा पहिला धक्का. दुसऱ्याने सोडवलेल्या गणिताखाली मी सही करावी, अशी ती सूचना होती. आणि ती कोणाला, तर ज्याने बारा वर्षे परीक्षेच्या भरारी पथकाचे नेतृत्व केले आणि ज्याच्या जीपचा आवाज ऐकताच केंद्रांच्या मागच्या भिंतींवरून विद्यार्थ्यांचे काका-मामा खाली उड्या टाकीत, त्याला. मी त्यांना स्पष्ट सांगितले, की प्रोग्राम मी स्वतः, मंचावर, सर्वांसमक्ष, कोणताही नमुना न पाहता लिहीन. सुंदररावांनी हे वाक्य जसेच्या तसे निमंत्रणपत्रिकेत छापले. (वर ‘कॉपीमुक्त दीपप्रज्वलन’ असा मथळाही दिला. तो मला त्या वेळी आवडला होता.) पत्रिका तालुकाभर गेल्या आहेत.

तुमचे पार्सल उघडले आणि दुसरा धक्का बसला: आत पुस्तिका नव्हती. एक घडी घातलेला कागद होता, तो जाहिरातीसारखा दिसला म्हणून मी वनमालाला दिला व तिने तो डिंकाच्या लाडवांच्या डब्यात तळाशी घातला. यंत्राचा संपूर्ण ग्रंथ वाचल्याविना यंत्राला हात लावणे हा मी अडाणीपणा मानतो. म्हणून त्या बोर्डावरील मुख्य चिपचे सहाशे चौदा पानांचे माहितीपुस्तक शोधून काढले आणि छापायला दिले. झेरॉक्सवाल्याने गठ्ठ्याकडे पाहून विचारले, “सर, जमिनीची केस हाय का?” अकरा दिवस वाचन केले, समासात टिपणे केली, पृष्ठ दोनशे सत्तरवरील आलेखाला नावे नीट दिलेली नाहीत हे लेखकांना कळवले (उत्तर नाही), आणि बाराव्या दिवशी संगणकावर ते प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर उघडले.

आता जे लिहितो ते कृपया बसून वाचावे. त्या सॉफ्टवेअरच्या यादीत, उघडपणे, कसलाही आडपडदा न ठेवता, ‘एक्झाम्पल्स’ नावाचा कप्पा आहे. त्यात सोडवलेली उत्तरे ठेवली आहेत. पहिलेच उत्तर ‘ब्लिंक’ या नावाचे. ते उघडावे, काही न वाचता, काही न समजता बोर्डावर पाठवावे, आणि दिवा लुकलुकू लागतो म्हणे. ज्या कृत्यासाठी मी मुलांना बाकावरून उठवले, त्यांच्या बापांच्या शिव्या खाल्ल्या, ते कृत्य येथे अभ्यासाची पहिली पायरी म्हणून सांगितले आहे. चुकून दुसऱ्याच्या स्नानगृहाचे दार उघडले जावे तशा घाईने मी तो कप्पा बंद केला. नंतर स्वतःचा प्रोग्राम लिहिला: आधी वहीत, उद्देश, साहित्य, सिद्धांत व कृती या क्रमाने, मग संगणकावर. बोर्ड वायरीने जोडला. बोर्डावर वीज आल्याची खूण दिसली. संगणकाने मात्र सांगितले, की कोणताही बोर्ड जोडलेला नाही. चार दिवस मी प्रोग्राम तपासला. नऊ ओळींचा प्रोग्राम मी किती बाजूंनी तपासला असेन याची कल्पना तुम्हाला येणार नाही. त्यात दोष नव्हता, कारण तो मी लिहिला होता. वनमाला दारातून म्हणाली, “वायर बदलून बघा की.” मी तिला समजावून सांगितले, की वायरीतून वीज पोहोचते आहे, याअर्थी वायर निर्दोष आहे.

पाचव्या दिवशी बोर्डच सदोष आहे असा लेखी निष्कर्ष काढून (तो तुम्हाला पाठवणार होतो, पाठवला नाही) मी दुसऱ्या मतासाठी बसस्थानकाजवळच्या ख्वाजाकडे गेलो. ख्वाजा मोबाइल दुरुस्त करतो. तीस वर्षांपूर्वी तो माझ्या प्रयोगशाळेत होता, किंवा खरे सांगायचे तर बहुतेक वेळा दाराबाहेर होता, कारण आकृती काढण्याआधीच उपकरणाला हात घालण्याची त्याला खोड होती. त्याने माझा निष्कर्ष ऐकून घेतला, बोर्डाकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि वायर चिमटीत धरून म्हणाला, “सर, ही नुस्ती चार्जिंगची वायर हाय. हिच्यातून करंट जातो, बात जात न्हाई.” त्याने दुसरी वायर लावली. बोर्ड दिसला. आणि मी काही बोलण्याच्या आत त्याने तो कप्पा उघडला, ब्लिंक काढले, बोर्डावर पाठवले. मी खुर्चीत नीट टेकतो न टेकतो तोच दिवा लुकलुकू लागला.

मी त्याला विचारले, की या प्रोग्राममधील एक तरी ओळ तू वाचलीस का. “न्हाई सर,” तो शांतपणे म्हणाला. “आधी नमुना चालवायचा. चालला म्हंजी वायर बरी, बोर्ड बरा, मशीन बरी. मंग आपलं लिवायचं. न्हाईतर चूक आपली हाय का वायरची, कसं कळंल? चार दिस कशापायी झुरले, सर?” शिवशंकर, या वाक्याने मला जो धक्का बसला तो सर्वांत मोठा. कारण मोजमापाआधी ज्ञात वस्तू मोजून उपकरण तपासावे, हे मी चौतीस वर्षे दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत आलो आहे. आणि ते वर्गाबाहेर उभ्या असलेल्या एका मुलाने दारातून ऐकून ठेवले होते.

असो. वायर घेऊन घरी आलो, तर नवे संकट उभे. लुकलुकणारा दिवा पाहून वनमाला कमरेवर हात ठेवून म्हणाली, “उद्घाटनाचा दिवा दर दोन सेकंदाला जातोय, हे बरं दिसतं का लोकांत?” तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले. आपल्या घरांत दिवा विझला असे तोंडाने म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. आणि मी तर चारशे लोकांसमोर तो मिनिटाला तीस वेळा शांत करणार होतो. म्हणून मी प्रोग्राम सुधारला: दिवा एकदा लागावा आणि लागलेलाच राहावा. दिव्याला १ हा अंक द्यावा म्हणजे तो लागतो, ० द्यावा म्हणजे जातो, हे कोणीही शहाणा मनुष्य मानील. सुंदरराव तालीम पाहायला आले होते. बोर्डावर ख्वाजाचा नमुना अजून लुकलुकत होता. मी माझा प्रोग्राम पाठवला. दिवा तत्क्षणी शांत झाला, आणि शांतच राहिला. मग सुंदरराव टोपी सारखी करीत म्हणाले, “सर, हे उद्घाटन हाय का दहावा?”

वनमालाने त्या वेळी पाहुण्यांना लाडू देण्यासाठी डबा रिकामा केला आणि तळाचा कागद माझ्या हाती दिला. त्यावर तुपाचा डाग होता, आणि डागाच्या मध्यभागी आकृतीसह छापले होते, की या बोर्डावरील दिवा उलटा जोडलेला आहे: ० दिले की लागतो, १ दिले की जातो. सहाशे चौदा पानांत ही गोष्ट नाही, कारण ती चिपची माहिती आहे, बोर्डाची नव्हे. मी आजवर ‘आधी आकृती’ असे म्हणत आलो, आणि माझी आकृती लाडवांखाली होती.

आता दिवा लागतो. म्हणजे समोर कागद असेल तर लागतो. कागदाविना मी अकरा तालमी केल्या. चार वेळा अंधार झाला. हात सवयीने १ लिहितो, किंवा दिवा चिपच्या दोन क्रमांकाच्या पायाला, म्हणजे पिनेला, जोडलेला आहे हे ऐन वेळी आठवत नाही, किंवा वनमाला चहा ठेवते आणि मी शेवटची ओळ आधी लिहितो. पहिल्या रांगेत सुंदरराव बसणार, ख्वाजा बसणार (त्याला पत्रिका मीच दिली), आणि ज्यांना मी स्वतः परीक्षेतून उठवले असे किमान नऊ गृहस्थ बसणार, त्यांपैकी दोघे आज सरपंच आहेत. दिवा लागला नाही तर ते हसतील. मी त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो.

घरी सर्वांना यथायोग्य आशीर्वाद. रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

तुमचा,
अर्जुनराव

ता. क. नमुना पाहणे आणि नमुना जवळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे मी पूर्ण विचारांती ठरवले आहे. पत्रिकेत पाहणार नाही एवढेच छापले आहे.

ता. क. तेव्हा विनंती अशी, की सोबतच्या वेगळ्या कागदावरील प्रोग्रामच्या नऊ ओळी घड्याळाच्या पट्ट्याखाली मावेल एवढ्या कागदावर, चष्म्याविना वाचता येतील अशा बारीक परंतु ठसठशीत अक्षरात लिहून पंचवीस तारखेच्या आत पाठवाव्यात. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आमच्या घरात फोन स्पीकरवरच चालतो, आणि वनमालाला यातले काही कळता कामा नये. माझ्या परिचयात हे काम नीट करू शकणारी व्यक्ती एकच आहे. १९८९ च्या मार्चमध्ये बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला तुमच्या बाहीतून मी जी चिठ्ठी जप्त केली, तिच्यात बसच्या तिकिटाएवढ्या जागेत संपूर्ण प्रकाशशास्त्र होते, आकृत्यांसह. तुमचे वर्ष गेले, आणि सासऱ्यांनी माझ्याशी दोन दिवाळ्या अबोला धरला. मी ती त्याच संध्याकाळी तपासली होती. तीत एकही चूक नव्हती. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवे होते.

ता. क. अक्षर केवढे हवे याचा नमुना म्हणून ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. काम झाल्यावर परत पाठवू नये. ती तुमचीच आहे.

शंकर, पाकीट डकवायला माझ्याकडंच दिलंय त्यांनी. चिठ्ठ्या दोन कर, एक त्यांच्या घड्याळात, एक माझ्या पर्समधी. आणि तू स्वतः ये. पहिल्या रांगेत बस. ऐन वेळी चिठ्ठी काढायला त्यांचा हात धजणार न्हाई, तेव्हा तुझ्याकडं बघतील. तू नुस्तं बोटांनी शून्य करून दाखव. — अक्का